लहान नाट्यगृहाचें भाडें

(ज्युबिली-सप्ताहांत बेलवली येथें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या कार्यक्रमपत्रिकेंत माझ्या नांवापुढें ‘भाडें’ हा शब्द पाहून पुष्कळांस हंसूं आलें असेल. गेल्या तीन दिवसांत याच व्यासपीठावरून श्रद्धेविषयीं आणि सेवेविषयीं उत्तम भाषणें झालीं. आणि आज हा गृहस्थ घरमालकासारखा भाड्याच्या गोष्टी सांगावयास उभा राहिला, असें कोणीं मनांत म्हटलें तर मी त्याला दोष देणार नाहीं. परंतु आपण ज्या सभागृहांत बसलों आहों त्याचाच प्रश्न येत्या रविवारीं समितीपुढें यावयाचा आहे. बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर येथील कांहीं तरुण नाटकवाल्यांनीं हिवाळ्यांत एक लहानसा नाट्यमहोत्सव करण्याचें योजिलें आहे, आणि त्यांतील चार रात्रींकरितां त्यांस आपलें सभागृह भाड्यानें हवें आहे. त्यांतील कांहीं मुलें आपल्या धर्मग्रामांतील आहेत, बरींचशीं नाहींत. सभागृह द्यावें कीं न द्यावें, दिल्यास किती भाडें घ्यावें आणि कोणत्या अटींवर, एवढाच आजचा विषय आहे.

या विषयावर बोलण्याचा अधिकार मला एका चुकीमुळें प्राप्त झाला आहे. ती प्रथम सांगून टाकतों. बारा वर्षांपूर्वीं मी समितीचा चिटणीस होतों. तेव्हां अशींच पांच मुलें मजकडे आलीं होतीं. त्यांचा म्होरक्या म्हणजे माझ्या एका जुन्या स्नेह्याची मुलगी. तिनें वहीच्या कागदावर सर्व हिशेब मांडून आणिला होता. तीन संध्याकाळ सभागृह हवें. भाडें तिकिटें विकल्यावर देऊं. खुर्च्या आम्ही मांडूं, झाडलोटही आम्हीच करूं. मीं तो कागद पुरता वाचलाही नाहीं. त्यांस लग्नाचा दर सांगितला, अनामत रक्कम आगाऊ भरावी लागेल असें सांगितलें, आणि वर एक वाक्यही जोडलें कीं, देवाच्या घरीं उधारी चालत नाहीं. तिनें कागदाची घडी घातली, “बरें, अंकल,” म्हणाली आणि गेली. त्या मुलांनीं पुढें एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या रिकाम्या गाळ्यांत एक प्रयोग केला. दुसऱ्या रात्रीं दिव्यांनीं वीज गेली, बघणारे उठून गेले आणि तिसरा प्रयोग झालाच नाहीं. मी पाहावयास गेलों नव्हतों. ती मंडळी विसकटली. ती मुलगी नोकरीनिमित्त परगांवीं गेली आणि नाटक तिनें पुन्हां केलें नाहीं. मीं नियमाबाहेर कांहीं केलें नव्हतें. आमच्या दरपत्रकांत लग्नाचा दर होता, वाढदिवसाचा होता, सभेचा होता, नाटकाचा नव्हताच. दरपत्रकांत जें नाहीं तें जगांतही नाहीं, अशी माझी तेव्हां समजूत होती.

भाडें देऊन नाटक करणें ही कांहीं आजची टूम नव्हे. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हां जागेची चिंता नव्हती. संस्थानाधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांचा आश्रय होता. १८५१ सालीं ते निवर्तले, आश्रय तुटला, आणि भाव्यांच्या मंडळीस गांवोगांव फिरावें लागलें. १८५३ सालीं त्यांचे खेळ मुंबईस ग्रँट रोडच्या नाट्यगृहांत झाले. राजवाड्यांतून मराठी नाटक बाहेर पडलें तें थेट भाड्याच्या घरांत आलें, असें म्हटलें तरी चालेल. आणि तेव्हांपासून आजतागायत तें बहुतेक भाडेकरूच राहिलें आहे.

आपल्या कॅथलिक समाजाचीही एक गोष्ट येथें आठवण्याजोगी आहे. गोव्याहून पोटापाण्यासाठीं मुंबईस आलेला लुकासिन्यो रिबेरो नांवाचा तरुण एका इटालियन संगीतनाटक मंडळीच्या चाकरींत राहिला. त्या मंडळीचे खेळ त्यानें डोळे भरून पाहिले, तिचे वापरून टाकलेले पोशाख विकत घेतले, आणि चार सोबती जमवून ‘इटालियन भुरगो’ हा कोंकणी खेळ उभा केला. १७ एप्रिल १८९२ रोजीं, ईस्टरच्या रविवारीं, मुंबईच्या न्यू आल्फ्रेड नाट्यगृहांत तो झाला. कोंकणी तियात्राचा आरंभ त्या दिवसापासून धरतात. म्हणजे गोव्याच्या ख्रिस्ती माणसाची ही रंगभूमि गोव्यांत नव्हे, तर मुंबईंतल्या परक्या नाट्यगृहांत जन्मली. त्या नाट्यगृहाच्या मालकानें “तुम्ही कोण? तुमची मंडळी किती जुनी?” असें विचारून दार लावलें असतें तर काय झालें असतें, हें ज्याचें त्यानें मनाशीं पाहावें.

परंतु मला विशेष सांगावयाचें आहे तें दादरच्या छबिलदास शाळेविषयीं. तुमच्यापैकीं पुष्कळ जण रोज दादरला उतरतात; स्टेशनाच्या पश्चिमेस, बाजाराच्या गजबजाटांत ही मुलांची शाळा आहे. सुलभा देशपांडे या तेथें एके काळीं शिक्षिका होत्या. १९७१ सालीं त्यांनीं, त्यांचे पति अरविंद देशपांडे यांनीं व अरुण काकडे यांनीं ‘आविष्कार’ ही संस्था स्थापिली. संस्था झाली, नट झाले, नाटकें झालीं. जागा मात्र नव्हती. मोठ्या नाट्यगृहाचें भाडें द्यावयाचें तर मोठा प्रेक्षकवर्ग पाहिजे, मोठा प्रेक्षकवर्ग पाहिजे तर त्याला रुचेल तेंच नाटक पाहिजे, आणि त्यांस तर जें अजून कोणीं केलें नाहीं तें करून पाहावयाचें होतें. या कोंडींतून वाट निघाली ती १९७४ सालीं, छबिलदास शाळेच्या सभागृहांतून. तें कांहीं नाट्यगृह नव्हे. शाळेचें साधें दालन. खालीं रस्त्यावर बाजार, जवळच आगगाडी. नट हळू आवाजांत बोलूं लागला कीं बाहेरून भोंगा वाजावयाचा. पण त्या दालनास एक मोठा गुण होता. रंगमंच अमक्याच बाजूस असावा, खुर्च्या अशाच मांडाव्या, असा तेथें जुलूम नव्हता. प्रेक्षक इतके जवळ बसत कीं नटाच्या कपाळावरचा घाम दिसे. आणि भाडें असें होतें कीं साठ-सत्तर माणसें आलीं तरी मंडळी बुडत नसे.

आविष्कारनें त्याहून मोठी गोष्ट केली ती ही कीं, ती जागा आपल्यापुरती ठेविली नाहीं. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर अशांच्या मंडळींचे प्रयोग तेथें झाले. मुंबईबाहेरचींही माणसें आपलीं नाटकें घेऊन आलीं. पुढें लोक नाटकाच्या नांवापेक्षां जागेचेंच नांव घेऊं लागले. ‘छबिलदास चळवळ’ असा शब्दच मराठींत रूढ झाला. एका शाळेच्या विश्वस्तांनीं आपलें दालन संध्याकाळीं माफक भाड्यानें दिलें, एवढ्यानें भाषेला एक शब्द मिळाला! नव्वदीच्या दशकाच्या आरंभीं तेथला काळ संपला व आविष्कारनें माहीमच्या एका महापालिका-शाळेंत बिऱ्हाड हलविलें. तीही शाळाच, हें ध्यानांत घ्यावें. अरविंद देशपांडे १९८७ सालीं वारले. त्यांच्या स्मरणार्थ संस्था नाट्यमहोत्सव भरवूं लागली. अरुण काकडे २०१९ सालीं वारले. ते नट म्हणून फारसे कोणाला ठाऊक नसतील. परंतु जागा मिळविणें, तारखा लावणें, भाडें चुकतें करणें, सतरंज्या घालणें, ही जी नाटकाची धुणींभांडीं, तीं त्यांनीं जन्मभर केलीं. माझ्या मतें अशा माणसाचें मोल लेखकाहून तसूभरही कमी नाहीं.

जुहूच्या पृथ्वी थिएटरविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण तें पुष्कळांस माहीत आहे. पृथ्वीराज कपूर १९७२ सालीं वारल्यावर त्यांचे पुत्र शशी कपूर व सून जेनिफर यांनीं ५ नोव्हेंबर १९७८ रोजीं तें उघडलें. आसनें जेमतेम दोनशें, रंगमंचाच्या तीन बाजूंस प्रेक्षक. त्याच वर्षीं डिसेंबरांत ठाण्यास गडकरी रंगायतन उघडलें. तेथें हजारावर माणूस बसतो. दोन्हींची गरज आहे. पण शंभर माणसांपुढें जें बोलावयाचें तें हजारांपुढें नेलें कीं एकतर ओरडावें लागतें, नाहींतर नऊशें रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत बोलावें लागतें. आपल्या बाजूच्या मुलांस कल्याणचें अत्रे रंगमंदिर किंवा डोंबिवलीचें सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर पाहतां येतें, भाड्यानें घेतां येत नाहीं. सोन्याचें ताट आहे, पण त्यांच्या घासापेक्षां फार मोठें आहे.

आतां दूरची एक गोष्ट. दुसरें महायुद्ध संपल्यावर १९४७ सालीं स्कॉटलंडांत एडिंबरो येथें एक मोठा कलामहोत्सव भरविला गेला. त्यास आठ नाटकमंडळ्या आमंत्रणावांचून आल्या. मोठीं नाट्यगृहें निमंत्रितांनीं भरलेलीं. तेव्हां यांनीं मिळतील त्या लहानसहान जागा भाड्यानें घेऊन आपले खेळ केले. त्यांपैकीं एका मंडळीचा खेळ तर शहरांत नव्हे, डनफर्मलिनच्या जुन्या मठमंदिरांत झाला. आणि खेळ कोणता, तर ‘एव्हरीमन’, म्हणजे मृत्यूचें बोलावणें आलेल्या माणसाचें मध्ययुगांतील ख्रिस्ती नाटक. त्या आठ मंडळ्यांपासून जो ‘फ्रिंज’ म्हणजे काठावरचा महोत्सव निघाला, तो आज जगांतील सर्वांत मोठा समजला जातो. दर ऑगस्टांत त्या शहरांतील शाळांचे वर्ग, दारूच्या गुत्त्यांचे माळे, तळघरें आणि अनेक चर्चांचीं सभागृहें नाट्यगृहें होतात. चर्चचें सभागृह नाटकास द्यावें कीं नाहीं हा प्रश्न तेथें सत्तर वर्षांमागेंच मिटला आहे.

तथापि तेथील सर्वच अनुकरणीय आहे असें मी म्हणणार नाहीं. तेथें एकच दालन सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत तासातासानें वाटून देतात. एक मंडळी बाहेर पडते न पडते तोंच पंधरा मिनिटांत दुसरी आंत येते. सामान पाठीवर आणावयाचें आणि पाठीवरच न्यावयाचें. भाडें आणि राहण्याचा खर्च इतका चढला आहे कीं पुष्कळ तरुण कर्ज करून येतात व कर्ज घेऊन परत जातात. महोत्सव मोठा झाला कीं जागेचा मालक मोठा होतो आणि नट लहान होतो; ही वाट आपल्याला नको. पण त्यांच्याकडून दोन गोष्टी शिकाव्या. एक, वेळ लेखी ठरविणें. दुसरी, तिकिटांच्या उत्पन्नाची वांटणी.

वेळेची गोष्ट साधी दिसते पण सगळें भांडण तेथेंच होतें. मी तरुणपणीं एका हौशी मंडळींत दिवे लावीत असें. शेजारच्या एका शहरांत आम्हीं एक सभागृह चार तासांसाठीं घेतलें होतें. त्याचें नांव सांगत नाहीं. आम्ही वेळेवर गेलों तर आंत कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापला जात होता. तासभर आम्ही जिन्यावर सामान घेऊन उभे. प्रयोग तेवढाच उशिरां संपला, आणि पांचव्या तासाचें भाडें मात्र आमच्याकडूनच घेतलें. शिवाय भिंतींत एक खिळा ठोकला म्हणून अनामत परत मिळाली नाहीं. खिळा आमचा होता, हें मी कबूल करतों. पण चार तासांत दिवे टांगणें, तालीम, प्रयोग आणि आवराआवर हें सर्व बसत नाहीं, हें सभागृहवाल्यास ठाऊक नव्हतें आणि आम्हीं सांगितलें नव्हतें. दीड तासाच्या नाटकाला निदान सहा तास लागतात: तीन आधीं, एक नंतर, बाकी मधले. तेव्हां आपल्या करारांत तासांचा दर न लिहितां ‘दुपारीं तीनपासून रात्रीं दहापर्यंत’ असा संध्याकाळचा दर लिहावा, आणि त्या दिवशीं दुपारच्या धर्मशिक्षणाचा वर्ग दुसरीकडे न्यावा. नाटक साडेनवाच्या आंत संपावें. कारण वांगणी-अंबरनाथचा माणूस लोकलकडे पाहून बसलेला असतो, आणि रात्रीं दहानंतर बाहेर कर्णा लावण्यास कायद्यानें बंदी आहे.

विजेविषयीं मला फार बोलतां येईल, पण आवरतों. पूर्वीं नाटकांत वापरीत असलेला मोठा दिवा एक हजार वॉटचा. आपल्या घरच्या २३० व्होल्टांवर तो चार अँपिअरहून अधिक ओढतो. पंधरा अँपिअरच्या जोडणीवर असे तीन दिवे चालतात, चौथ्याला फ्यूज उडतो. दहा दिवे लावावयाचे तर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अँपिअर पाहिजेत. आपल्या सभागृहांतली तार पंख्यांसाठीं आणि ट्यूबलाइटांसाठीं ओढलेली आहे. त्या मुलांचा प्रयोग बारा वर्षांपूर्वीं अंधारांत बुडाला तो याच कारणानें. आतां नव्या एलईडी दिव्यांना वीज फार थोडी लागते, ही मोठी सोय झाली. तरीसुद्धां मंचाच्या दोहों अंगांस स्वतंत्र तार आणि स्वतंत्र स्विच घालून घ्यावा. हा खर्च एकदांच होतो, आणि लग्नांतल्या बँडवाल्यांनाही त्याचा उपयोग आहे.

आणि दारें! १३ जून १९९७ रोजीं दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहांत आग लागली आणि ५९ माणसें गेलीं. बहुतेक जण जळून नव्हे, धुरानें गुदमरून मेलीं. बाहेर पडण्याच्या वाटेवर अधिक आसनें बसविलेलीं होतीं. आपल्या सभागृहास समोर एक दार आहे आणि मागें एक. मागल्या दाराविषयीं मी शेवटीं बोलणार आहें.

हंगामाची अडचण नाहीं. उल्हास नदीचें पाणी २००५ सालीं आणि २०१९ सालीं कोठवर आलें होतें हें बेलवलीकरांस मीं सांगावयास नको. २७ जुलै २०१९ रोजीं तर महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्यें पुरांत अडकून पडली होती. पावसाळ्यांत कोणी नाटकाची तारीख मागणार नाहीं. उपवासकाळांत आपण देणार नाहीं. नाताळचा आठवडा आपला स्वतःचा. उरतो तो नोव्हेंबराचा शेवट आणि जानेवारी-फेब्रुवारी, तोही आठवड्याचे मधले दिवस. त्या दिवशीं लग्नें क्वचितच असतात. सभागृह कुलपांत असतें आणि कुलपाचें भाडें कोणी देत नाहीं.

आतां पैशाकडे येतों. उदाहरणादाखल धरा कीं १२० खुर्च्या मांडल्या आणि तिकीट १५० रुपये ठेविलें. ठोक भाडें ५,००० रुपये ठरविलें आणि माणसें आलीं तीस. उत्पन्न ४,५०० रुपये. मुलें आपल्या पदरचे पांचशें घालून भाडें भरतील. पोशाख, प्रवास, दिवे यांचा खर्च वेगळाच. पुढल्या वर्षीं तीं येणार नाहींत. आतां ठोक भाड्याऐवजीं असें ठरवा कीं शंभरांतले साठ मंडळीचे, चाळीस सभागृहाचे. तीस माणसांच्या रात्रीं त्यांस २,७०० मिळतील, आपल्याला १,८००. तेवढ्यांत आपली वीज आणि झाडलोट निघते. पूर्ण सभागृह भरलें तर उत्पन्न १८,००० रुपये. त्यांतले ७,२०० आपले. म्हणजे चौऱ्याऐंशीं माणसें आलीं कीं आपला वांटा ५,००० च्या ठोक भाड्यापुढें जातो. शिवाय दुसरा एक लाभ आहे, तो आंकड्यांत दिसत नाहीं. ठोक भाडें घेणाऱ्याला माणसें आलीं काय आणि न आलीं काय, सारखेंच. वांटा घेणारा मात्र रविवारीं मिस्सा संपल्यावर फाटकाशीं उभा राहून “बुधवारीं नाटक आहे हो, या” असें सांगतो. वीजखर्चाइतकी एक लहान किमान रक्कम ठरवावी आणि त्यावर वांटणी करावी, असें माझें मत आहे. खजिनदारसाहेबांचें मत निराळें आहे. ते रविवारीं सांगतील.

या हिशेबांत एक नांव नेहमीं राहून जातें. सभागृहाचीं कुलपें उघडणारे आणि रात्रीं शेवटची खुर्ची उचलून ठेवणारे आपले भाऊ. लग्नांत त्यांना बक्षिसी मिळते; नाटकवाल्यांपाशीं बक्षिसी नसते. तेव्हां त्यांचा रात्रीचा जादा मेहनताना आपल्या वांट्यांतून प्रथम काढावा. त्यांना झोपेंतून उठवून कलेची सेवा करावयाची नाहीं.

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा कीं, हें सभागृह देवळाच्या आवारांत आहे, तेथें कोणतीं नाटकें येतील कोण जाणे. हा आक्षेप मी हंसण्यावारी नेत नाहीं. सार्वजनिक प्रयोगासाठीं महाराष्ट्रांत रंगभूमि प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचें प्रमाणपत्र लागतें. तें तर पाहावेंच. शिवाय दोघां-तिघांनीं संहिता अगोदर वाचावी. पण वाचावयाची ती तारीख देण्यापूर्वीं. एखादें नाटक आपल्या आवारांत होऊं नये असें वाटलें तर महिनाभर आधीं स्पष्ट ‘नाहीं’ म्हणावें; त्यांत अपमान नाहीं. प्रयोगाच्या दिवशीं दुपारीं येऊन “हें वाक्य गाळा, तें गाळा” असें मात्र करूं नये. आणि ज्या नाटकांत आपल्यावर टीका असेल तें टाकाऊच असतें असेंही नाहीं. माझ्यावर या सभागृहांत एखादें नाटक बारा वर्षांपूर्वींच झालें असतें तर मला उपयोग झाला असता.

दुसरा आक्षेप, आपल्या धर्मग्रामांतलीं मुलें थोडीं, बाहेरचीं फार. यास मी उल्हासनगराकडे बोट दाखवितों. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या सिंधी बांधवांना कल्याणच्या लष्करी छावणींत जागा दिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या गांवास उल्हासनगर हें नांव मिळालें. सैनिकांसाठीं बांधलेल्या बराकींत त्यांनीं संसार थाटले. या बाजूची जमीनच अशी आहे कीं येथें जो तो बाहेरचा आहे. माझे वडील बाहेरचे होते. या सभेंत हात वर करा म्हटलें तर तीन पिढ्यांचे बेलवलीकर किती निघतील?

तिसरा आक्षेप मोडतोडीचा. होईल. खिळा कोणीतरी ठोकीलच. त्यासाठीं भिंतीला दोन लांकडी पट्ट्या आपणच मारून द्याव्या, म्हणजे भिंत वांचते आणि अनामतीचें भांडणही वांचतें.

समितीपुढें जो मसुदा मीं ठेविला आहे तो एका पानाचा आहे. चार रात्री, दुपारीं तीन ते रात्रीं दहा, किमान रक्कम व तिचेवर वांटणी, भाऊंचा मेहनताना, खुर्च्या शंभर-वीसपेक्षां अधिक नाहींत, वाट मोकळी. पान मोठ्या अक्षरांत छापून दाराशीं लावावें, म्हणजे पुढच्या चिटणिसास “दरपत्रकांत नाहीं” असें म्हणतां येणार नाहीं.

मसुदा लिहितांना मला त्या मुलीची आठवण झाली. आतां ती मुलगी म्हणण्याजोगी राहिली नाहीं, तिला स्वतःचा लेक आहे. तिच्या वडिलांपासून पत्ता घेऊन मीं तिला पत्र लिहिलें; घडलेली गोष्ट लिहिली, आणि हा मसुदा पाठवून तूं काय सुचवितेस तें कळव, असें विचारलें. तीन आठवडे उत्तर आलें नाहीं. मग आलें तें चार ओळींचें. जुन्या गोष्टीविषयीं त्यांत अवाक्षर नाहीं. मसुदा बरा आहे, विजेचें चांगलें पाहिलेंत, असें लिहून शेवटीं एकच प्रश्न विचारला आहे: “अंकल, मंचामागचें दार आतां उघडतें का? तेव्हां उघडत नव्हतें. नटानें मागून यावयाचें कसें?”

मी दुसऱ्या दिवशीं जाऊन पाहिलें. दार उघडत नाहीं. कडी गंजली आहे आणि आंतून जुन्या मोडक्या बांकांचा ढीग छातीइतका लागलेला आहे. सुतारास शुक्रवारीं बोलाविलें आहे. बांकें शनिवारीं सकाळच्या मिस्सेनंतर, साडेसातच्या सुमारास, हलवावयाचीं आहेत. चार माणसांचें काम आहे, सहा आलीं तर आठाच्या आंत होईल.